लक्झेंबर्गचं टेंगूळ

बाभूळटाकळीच्या दूध सोसायटीत त्या सकाळी दूध जमलं होतं बारा लिटर, आणि सेक्रेटरी धोंडीरामच्या बाता मात्र कॅन भरून सांडत होत्या!

"ऐका बे! आपल्या गावात बोअर येणार म्हंजी येणार! अन् साधासुधा न्हाई, लक्झेंबर्ग देशाचा!"

"म्हंजी आता भोक बी परदेशातून आणायचं व्हय?" आश्रुबा गुराख्यानं विचारलं. "आपल्या जमिनीत आपलंच पाडलं तर चालत न्हाई?"

"भोक इथलंच, येड्या! मशीन, पंप, टाकी, जनावराचा हौद, हे समदं त्यांचं. आपण कागद केलाय. आपण कागद केला अन् काम झालं न्हाई, असं एक उदाहरण दाखव!"

आश्रुबानं बोटांवर मोजायला सुरुवात केली, तेव्हा धोंडीरामनं घाईघाईनं कॅनचं झाकण लावलं.

खरं सांगायचं तर हा लक्झेंबर्ग धोंडीरामलाही पहिल्या दिवशी सापडला नव्हता. शाळेच्या नकाशात त्यानं पाऊण तास बोट फिरवलं. शेवटी गुरुजींनी भिंग दिलं, तेव्हा फ्रान्स आणि जर्मनीच्या फटीत अंग चोरून बसलेला एक देश दिसला. बीड जिल्ह्याचे चार तुकडे केले तर एका तुकड्यात मावेल, असं गुरुजींनी हिशेब करून सांगितलं. ते ऐकून धोंडीरामची बायको सत्यभामा हळहळली.

"एवढुसा देश! त्यांचं त्यांना पुरत आसंल का? कावून त्या बिचाऱ्यांकडं मागायचं? चार भाकरी बांधून देऊ म्हणलं तर उलटं त्यांच्याच ताटात हात!"

"अगं, लई श्रीमंत हायेत ते."

"मग आधी का न्हाई सांगितलं? एक हौद जास्तीचा मागायचा हुता!"

हसण्यावारी नेलं तरी दुखणं खरं होतं. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या. टँकर दोन दिवसाआड यायचा, तोही माणसांपुरता. जनावरांचं कोणी बघायचं? शेवटी गावानं जड मनानं ठरवलं, की पोळ्याला जनावरांची पूजा करायची आणि पोळा झाला की उमापूरचा बाजार दाखवायचा. सत्यभामेची तांबडी गाय तिच्या माहेराहून कालवड म्हणून आलेली. सत्यभामा रोज तिच्याशी गप्पा मारायची. गेल्या आठ दिवसांपासून तिनं बोलणंच टाकलं होतं. जिला विकायचं, तिच्याशी काय बोलणार? बोअर आला तर तांबडी वाचणार होती, नाही तर नाही. सगळ्या गावाचं घोडं असं त्या भिंगाखालच्या देशापाशी अडलं होतं.

आता त्या देशाची अट काही फार अवघड नव्हती. दुसऱ्या कुठल्याशा गावात दिलेला पंप दोन गटांनी भांडून मोडला होता, म्हणून ह्यावेळी त्यांचा माणूस स्वतः गावात येऊन बघणार होता. गावात एकी असेल, आणि पुढारी एका टेबलाशी बसून एका कागदावर सह्या करतील, तरच बोअर! एवढंच. पण बाभूळटाकळीत हे म्हणजे बैलाचं दूध काढण्याइतकं सोपं काम होतं!

गावात दोन आळ्या. वरच्या आळीचे सरपंच अर्जुनराव आणि खालच्या आळीचा सुग्रीव, जो दूध सोसायटीचा चेअरमन होता. अकरा वर्षांमागं पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल कुणाचा, ह्यावरून दोघांनी आपापल्या बैलजोड्या एकदमच वेशीत घातल्या. वेस एका जोडीच्या मापाची. चार बैल त्यात असे गच्च बसले, की दोन दगड काढल्याशिवाय सुटेनात! तेव्हापासून अबोला. दर पोळ्याला काठ्या निघायच्या, फौजदार यायचा, आणि तोरण वेशीवर तसंच वाळायचं. सोसायटीतसुद्धा वरच्या आळीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये, खालच्या आळीचं वेगळ्या. संघाच्या टेम्पोत गेल्यावर ते एकत्र व्हायचं, पण ते गावाबाहेर, त्यामुळं चालायचं.

आणि अशा गावातून धोंडीरामनं लक्झेंबर्गला काय लिहून धाडलं होतं? "आमच्या गावात तंटा हा शब्द आम्ही फक्त ऐकून आहोत."

उत्तर आलं. पाहुणा चार सप्टेंबरला येतोय. धोंडीरामनं 'आनंदाने या' अशी लगोलग तार ठोकली आणि घरी येऊन मिशीवर ताव दिला. सत्यभामेनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं.

"ओ, चार तारखेला काय हाय, बघितलं का?"

"काय हाय?"

"पोळा!"

धोंडीराम मटकन खाली बसला. बसला तो झाकण नसलेल्या कॅनवर! त्याला बाहेर काढायला सत्यभामेला शेजारीण बोलवावी लागली.

पण हार मानील तो धोंडीराम कसला! कॅनमधून निघता निघताच त्याच्या डोक्यात फर्मास बेत शिजला. संध्याकाळीच तो अर्जुनरावांच्या ओसरीवर हजर झाला.

"आबा, औंदा मान तुमचा. बिलकुल पक्कं! सुग्रीवरावाला मी समजावलंय. फकस्त एक करा, पोळ्यापातुर कुणाजवळ बोलू नका."

"सुग्रीव मानला?" अर्जुनरावांचा विश्वास बसेना.

"मानला म्हंजी! म्हणला, थोरल्याचा मान थोरल्याला."

अर्जुनरावांनी खूश होऊन चहा पाजला. तिथून धोंडीराम निघाला तो थेट सुग्रीवच्या गोठ्यात.

"चेअरमन, औंदा मान तुमचा. अर्जुनराव कबूल हाय. पर गप राहायचं!"

"जबान देतो?"

"जबान!"

सुग्रीवनंही चहा पाजला. धोंडीराम घरी आला तो दोन चहा पोटात आणि दोन जबानी डोक्यावर घेऊन.

"अन् पोळ्यादिवशी दोघं बी वेशीत आले म्हंजी?" सत्यभामेनं विचारलं.

"पाव्हणा धाला येणार. पोळा दुपारच्याला. पाव्हण्याला सह्या दाखवायच्या, अकराला वाटंला लावायचा. मग माजू दे काय माजायचं ते! फिकीर करू नको. आपण ठरवलंय."

पाहुणा दहाला आलाच नाही! गेवराईच्या पुढं जीपचं चाक पंक्चर, जादाचं चाक आधीच पंक्चर. जीप वेशीपाशी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि अख्खं गाव तिथं लोटलं होतं. बैल धुवायला पाणी नव्हतं, म्हणून लोकांनी ओल्या फडक्यानं पुसून काढले होते, पण शिंगांना हिंगूळ, बेगड, अंगावर झुली, कुठं म्हणून कमी नव्हती. आंब्याची पानं मिळाली नाहीत, तर तोरण लिंबाच्या पाल्याचं केलेलं. मधोमध एक नारळ. मानाच्या बैलाची शिंगं बरोबर लागतील अशा बेतानं ते वेशीत बांधलं होतं.

जीपमधून आधी एक बाई उतरली. ही शिवकन्या, मदत देणाऱ्या संस्थेची दुभाषी. तिच्या मागून पाहुणा निघू लागला. निघाला, निघाला, अजून निघतच होता! उभा राहिला तेव्हा साडेसहा फूट!

"आरं, देश एवढुसा," आश्रुबा पुटपुटला, "ह्यो तिथं झोपतो कसा? पाय दुसऱ्या देशात जात आसतील!"

पाहुण्याचं नाव मथियास. गावानं त्याचं पाच मिनिटांत मत्याबा केलं. तो तोंडभर हसला आणि त्यानं शिवकन्येला काहीतरी विचारलं.

"सेक्रेटरी," शिवकन्या म्हणाली, "साहेब विचारतायत, ह्या एवढ्या काठ्या कशाला?"

"शोभेच्या हायेत, मॅडम! आमच्याकडं पोळ्याला..."

"मी युसूफ वडगावची हाय. मला शोभेची काठी वळखू येती."

तेवढ्यात वरच्या आळीची हलगी कडाडली. तिला उत्तर म्हणून खालच्या आळीची. एका बाजूनं अर्जुनरावांची जोडी, दुसऱ्या बाजूनं सुग्रीवची. दोन्ही जोड्या वेशीच्या तोंडाशी येऊन थडकल्या.

"सुग्रीव, सर मागं! सेक्रेटरीनं जबान दिलीय मला!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा सुग्रीव त्यांच्याशी बोलला. "तुला? मला दिलीय!"

"मला दिलीय!"

आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. दोघांनी मिळून धोंडीरामकडं बघितलं!

धोंडीरामनं आडोसा शोधला. जवळपास एकच आडोसा होता, साडेसहा फुटांचा. तो मत्याबाच्या मागं जाऊन उभा राहिला.

"मॅडम, साहेबाला सांगा, हे आमचं लोकनृत्य हाय!"

शिवकन्येनं मान हलवली आणि पाहुण्याला सांगायला सुरुवात केली. ती इतका वेळ सांगत होती आणि मधूनमधून धोंडीरामकडं असं बोट दाखवत होती, की लोकनृत्याला एवढं लांब वर्णन लागत नाही हे त्यालाही कळलं. तिनं खरं ते सगळं सांगितलं. बोअर गेला, असं त्याला वाटलं. गर्दीत बायकांमध्ये सत्यभामा उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. तिच्याकडं बघवेना त्याला.

मत्याबानं सगळं ऐकून घेतलं. इकडं हलग्यांच्या कडकडाटानं बैल बिथरले होते. सुग्रीवच्या आतल्या अंगाच्या बैलानं शिंग उगारलं, अर्जुनरावांचा डाव्या अंगाचा बैल फुसफुसायला लागला. काठ्या वर झाल्या. एवढ्यात मत्याबा लांब ढांगा टाकत निघाला तो सरळ दोन जोड्यांच्या मध्ये! गडी शेतकऱ्याच्या पोटचा, गाईगुरांत वाढलेला. त्यानं एका हातात अर्जुनरावांच्या बैलाची वेसण धरली, दुसऱ्या हातात सुग्रीवच्या. जिभेनं 'टक् टक्' असा आवाज केला. काय जादू केली कुणास ठाऊक, बैल कान पाडून उभे राहिले.

"हां, हां, साहेब, आता वाईच थांबा!" धोंडीराम ओरडला. "वर बघा! वर!"

मत्याबाला मराठी कुठं येत होतं! बैलांना शांत ठिकाणी न्यावं म्हणून तो तसाच पुढं निघाला, वेशीतून आत.

ठाक्!

नारळ बरोबर कपाळावर! तोरणाची दोरी ताडकन तुटली, लिंबाचा पाला मत्याबाच्या गळ्यात पडला, आणि नारळाची खाली पडून दोन भकलं झाली. हलग्यासुद्धा थांबल्या. मत्याबा डोळे मिचकावत उभा, आणि त्याच्या कपाळावर सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत एक टेंगूळ वर येत होतं.

गावात सगळ्यांत म्हातारी चंद्रभागाबाई. तिचा पहिला आवाज झाला.

"पोळा फुटला! पोळा फुटला रं!"

"काकू, आसं कसं? बैलानं कुठं तोरण तोडलं?" अर्जुनराव म्हणाले.

"ज्यानं तोरण तोडलं त्याचा मान!" म्हातारी कडाडली. "बैल हाय का माणूस, ते तोरण बघत न्हाई. अकरा वर्सं तोरण वाळवलं तुमी दोघांनी. आज एका बारक्या देशाच्या लेकरानं डोस्कं देऊन तोडलं, तर आता शास्त्र काढता? मान लक्झेंबर्गाचा! चला, बैल घाला आत!"

पोळा फुटला म्हटल्यावर थांबतो कोण! मागचे बैल रेटा द्यायला लागले, पोरं नाचायला लागली, हलग्या पुन्हा कडाडल्या, पण ह्यावेळी एका तालात. मत्याबाच्या मागोमाग एकामागं एक जनावर वेशीतून आत गेलं. पुढं कुणाचा बैल होता, वरच्या आळीचा का खालच्या, हे आजतागायत कुणालाही सांगता येत नाही, कारण सगळं गाव टेंगळाकडं बघत होतं.

आता मान घेतला की तो निस्तरावाही लागतो! मानाच्या बैलाला दारोदार ओवाळतात, पायावर पाणी घालतात, पोळी चारतात. गावानं त्यात काडीची कसर केली नाही. अर्जुनरावांनी आपल्या बैलाची झूल काढून मत्याबाच्या खांद्यावर टाकली. ते बघून सुग्रीवनं त्याला आपल्या बैलाचं बाशिंग बांधलं. अर्जुनरावांकडं चार पुरणपोळ्या झाल्या, म्हणून सुग्रीवकडं पाच. पाच कशा काय, म्हणून अर्जुनरावांनी हाताला धरून परत नेला. असं करत करत दोन्ही आळ्या नवावर बरोबरीत सुटल्या, तेव्हा मत्याबानं शिवकन्येला क्षीण आवाजात काही विचारलं.

"काय म्हणतायत?" धोंडीरामनं विचारलं.

"विचारतायत, हे सगळं अर्जातच लिहिलेलं होतं का."

शेवटी डेअरीत टेबल मांडलं. कागद ठेवला. अर्जुनराव एका बाजूला, सुग्रीव दुसऱ्या बाजूला. पण पहिली सही कुणाची? दोघांनी एकदम पेन उचललं, दोघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं.

"थांबा!" सत्यभामा पुढं आली. तिनं कॅनचं झाकण कागदावर पालथं घातलं आणि पेनानं भोवती गोल ओढला. "ह्याच्या कडंनं करा सह्या. गोलाला पहिला न्हाई अन् शेवटचा न्हाई. करा! माजी गाय रानात उभी हाय."

दोघांनी गुपचूप सह्या केल्या. मत्याबा त्या गोलाकडं बघतच राहिला. मग तो कपाळावर ओलं फडकं धरून सावकाश बोलला, आणि शिवकन्येनं सांगितलं.

"साहेब म्हणतायत, त्यांचा देश दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मधी हाय. शेजारी भांडले, की तुडवले हे जायचे. म्हणून भांडण मिटवायची त्यांना लई घाई. अन् म्हणतायत, मोठा माणूस मधी पडला की दोघांना वाटतं, ह्यो आपलं बळकावायला आलाय. बारक्याचा कुणाला शक येत न्हाई."

अर्जुनरावांनी घसा खाकरला.

"बारका देश," सुग्रीव हळूच म्हणाला, "पर डोस्कं लई टणक!"

अर्जुनराव फस्सकन हसले. अकरा वर्षांनी सुग्रीवच्या बोलण्यावर हसले! मग अख्खी डेअरी हसली.

महिनाभरात मशीन आलं. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, तेव्हा मुंडासं उडवणाऱ्यात दोन्ही आळ्या होत्या. हौद बांधायचा म्हटल्यावर धोंडीरामनं अजिबात जोखीम घेतली नाही. गोल बांधला! सत्यभामा तांबडीला घेऊन आली, गाय पाणी प्याली, आणि सत्यभामा तिच्या मानेवर डोकं टेकून इतक्या दिवसांचं साचलेलं बोलत बसली. उमापूरच्या बाजारात बाभूळटाकळीचं एक शेपूट गेलं नाही. दिवाळीला सोसायटीचं दूध साठ लिटरवर गेलं, तेही आळी न बघता भरलेल्या कॅनमधून!

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वर्षानं पुन्हा पोळा येतो ना!

श्रावण लागला तसे अर्जुनराव आणि सुग्रीव जोडीनं धोंडीरामकडं आले. मान लक्झेंबर्गाचा. मग लक्झेंबर्ग येणार कधी? धोंडीरामनं पत्र धाडलं. मत्याबाचं उत्तर आलं, की यायला जमत नाही, पण ह्या एका कामापुरतं माझ्या देशाचं प्रतिनिधित्व माझे मित्र धोंडीराम ह्यांनी करावं.

झालं! धोंडीराम गेवराईपर्यंत सांगत सुटला. "आपण आता लक्झेंबर्ग हाय!" तलाठ्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, हजामत करता करता न्हाव्याला सांगितलं. पोळ्याच्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही जोड्यांच्या वेसणी धरून, छाती काढून तो वेशीतून निघाला.

आणि तोरणाला केससुद्धा न लागता खालून पार झाला! उंची पाच फूट एक इंच!

"माघारी या!" सत्यभामा ओरडली. "देश लागला न्हाई अजून!"

धोंडीरामनं उडी मारली. तीनदा मारली. पोरं मोजायला लागली. शेवटी अर्जुनराव आणि सुग्रीव पुढं झाले. एक खांदा अर्जुनरावांचा, एक सुग्रीवचा. दोघांनी मिळून धोंडीरामला उचललं, आणि एका पावलात, एका दमात वेशीकडं धावले. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, की औंदा साल बरं असल्यामुळं दोन्ही आळ्यांनी हौसेनं एकेक नारळ बांधला होता.

ठाक्! ठाक्!

"पोळा फुटला!" चंद्रभागाबाई ओरडली.

संध्याकाळी सत्यभामा नवऱ्याच्या कपाळावर हळदीचा लेप लावत बसली होती. डाव्या अंगाला एक टेंगूळ, उजव्या अंगाला एक. दोन्ही आळ्या बरोबरीत.

"आपल्यामुळं गावात शांतता हाय," धोंडीराम कण्हत म्हणाला. "आपण एक देश चालवला आज."

"चालवला!" सत्यभामेनं हळद जरा जोरातच दाबली. "नकाशात भिंगानं दिसतो तेवढा देश, अन् तेवढाबी तुमच्या डोस्क्याला झेपला न्हाई!"